सरकारी उपग्रहासाठी रॉकेट निवडताना तक्त्यात काय मांडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जीसॅट-एन२ हा भारत सरकारच्या कंपनीचा दळणवळण उपग्रह अमेरिकेतल्या स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटवरून गेला. आपल्याकडे इस्रोचं एलव्हीएम३ रॉकेट असताना असं का? आणि सरकारं रॉकेटांची तुलना नेमकी कशी करतात? मी किलोमागे दर काढून तक्ता केला, तर फाल्कन ९ सरळ पहिला आला. मग एवढा खल कशासाठी?"

उपग्रह आणि रॉकेट यांच्या जोडणीच्या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली आहेत. म्हणजे रॉकेट बनवणाऱ्यांतला मी नव्हे, उपग्रह हातात घेऊन रॉकेटवाल्याच्या दारात उभा राहणाऱ्यांतला. पुढचं सगळं त्या बाजूने वाचा.

पहिला प्रश्न लवकर आटोपतो. जीसॅट-एन२ चं वजन ४,७०० किलो. एलव्हीएम३ ची भूस्थिर हस्तांतरण कक्षेत, म्हणजे जीटीओत, नेण्याची क्षमता साधारण ४,००० किलो. उपग्रहाची मालक असलेल्या न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये फाल्कन ९ चं नाव जाहीर केलं तेव्हाचा बाजार आठवा. युरोपच्या एरियान ५ चं शेवटचं उड्डाण ५ जुलै २०२३ ला होऊन गेलं होतं. एरियान ६ अजून एकदाही उडालं नव्हतं. जपानचं एच३ मार्च २०२३ मध्ये पहिल्याच उड्डाणात अपयशी ठरलं होतं. युक्रेन युद्धानंतर रशियन रॉकेटं व्यवहारातून बाद झाली होती आणि चिनी रॉकेटांचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेचं व्हल्कन तर त्याच महिन्यात पहिल्यांदा उडलं. एकच स्थळ सांगून आलं असेल तर पत्रिका जुळवत कोण बसतं? उपग्रह १९ नोव्हेंबर २०२४ ला, आपल्या घड्याळात मध्यरात्र उलटता उलटता, केप कॅनाव्हरलहून गेला. रॉकेटचा खालचा टप्पा, म्हणजे परत आणून पुन्हा वापरता येणारा भाग, एकोणिसाव्यांदा उडत होता आणि तो सुखरूप परतलाही. तेव्हा "इस्रोवर विश्वास नव्हता का" वगैरे चर्चा झाली, तिला अर्थ नव्हता. वजन बसत नव्हतं, एवढंच.

आता तुमचा तक्ता. किलोमागे दर हा रकाना मी सगळ्यात आधी खोडेन.

एसटीचा प्रवास आठवा. गावाला जायचं असतं आणि गाडी फाट्यावर सोडते. फाट्यापासून गावापर्यंत चालत जायचं ते आपल्या पायाने आणि आपल्या शिदोरीवर. दळणवळणाचे बहुतेक उपग्रह असेच जातात. रॉकेट त्यांना जीटीओत सोडतं: एका टोकाला पृथ्वीपासून दोनेकशे किलोमीटर, दुसऱ्या टोकाला सुमारे ३६,००० किलोमीटर अशी लांबट कक्षा. तिथून गोल आणि विषुववृत्ताच्या बरोबर वर असलेल्या भूस्थिर कक्षेत जायचं ते उपग्रहाने स्वतःच्या इंजिनाने, स्वतःच्या टाकीतलं इंधन जाळून. म्हणून तिकीट किती, याच्या आधीचा प्रश्न असतो की गाडी कोणत्या फाट्यावर सोडते.

फाटा कुठे पडतो हे बऱ्याच अंशी तळाच्या जागेवर ठरतं. फ्रेंच गयानातलं कुरू विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंश उत्तरेला आहे, केप कॅनाव्हरल साडेअठ्ठावीस अंशांवर. कुरूहून निघालेल्या उपग्रहाला कक्षेचा तिरकेपणा जवळजवळ काढावाच लागत नाही. उरलेल्या प्रवासाला त्याला सेकंदाला साधारण १,५०० मीटर एवढा वेगबदल पुरतो. केपहून नेहमीच्या जीटीओत सोडलेल्याला तोच १,८०० च्या आसपास लागतो. श्रीहरिकोटा १३.७ अंशांवर आहे, पण तिथून रॉकेट कोणत्या दिशेला सोडता येतं यावर सुरक्षेची बंधनं आहेत, त्यामुळे कक्षेचा तिरकेपणा विसाच्या घरात येतो आणि आकडा या दोघांच्या मध्ये, १,६५० च्या आसपास.

तीनशे मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. हिशेब करून बघू. ४,७०० किलोचा उपग्रह आणि त्याचं नेहमीचं रासायनिक इंजिन धरा. १,५०० मीटरसाठी इंधन जाळून तो आपल्या जागी पोहोचतो तेव्हा त्याचं वजन सुमारे २,९१५ किलो उरतं; १,८०० साठी जाळून पोहोचला तर सुमारे २,६५०. म्हणजे २६५ किलो इंधन वाटेतच गेलं. भूस्थिर उपग्रहाला जागेवर धरून ठेवायला, चंद्र-सूर्याची ओढ सावरायला, वर्षाला साधारण ५० मीटरचा वेगबदल लागतो. या वजनाच्या उपग्रहाला ते ४५ ते ५० किलो इंधन होतं. भाग द्या. साडेपाच वर्षं आली. चौदा-पंधरा वर्षं चालायच्या उपग्रहाची साडेपाच वर्षं फाट्यापासून गावापर्यंत चालण्यात संपू शकतात. तिकिटात वाचलेले पैसे आणि साडेपाच वर्षांचं ट्रान्सपाँडरचं, म्हणजे संदेश पुढे धाडणाऱ्या उपकरणांचं, भाडं शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे तक्ता कसा उलटतो ते दिसेल.

हा आकडा दगडावरची रेघ मात्र नाही. फाल्कन ९ खालचा टप्पा परत आणूनही साडेपाच टनांपर्यंत जीटीओत नेतं असं कंपनी सांगते. उपग्रह त्याहून हलका असेल तर उरलेल्या ताकदीतून ते उपग्रहाला ३६,००० किलोमीटरच्याही पलीकडे फेकू शकतं. जितकं लांब तितका वेग कमी, आणि वेग कमी असताना कक्षेचा तिरकेपणा काढणं स्वस्त पडतं. मग १,८०० चे १,७०० होतात, कधी त्याहूनही कमी. ही घासाघीस करारात होते आणि उपग्रहाचं आयुष्य खरं तर इथे ठरतं. माझ्या अनुभवात सगळ्यात लांबलेल्या बैठका किमतीच्या नव्हत्या. कक्षेच्या दूरच्या टोकाची उंची आणि तिची हमी यावरच्या होत्या.

उलट्या बाजूचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला एलव्हीएम३ ने नौदलासाठीचा सीएमएस-०३ सोडला. वजन ४,४१० किलो, भारताच्या भूमीवरून जीटीओकडे गेलेला सगळ्यात जड दळणवळण उपग्रह. पण क्षमता ४,००० ची ना? मग कसं जमलं? रॉकेटची ताकद थोडी वाढवली होती हे खरं, शिवाय दूरचं टोक ३६,००० ऐवजी ३०,००० किलोमीटरच्या आसपास ठेवलं. गाडीने एक फाटा अलीकडे सोडलं. उरलेलं अंतर उपग्रह आपल्या टाकीतून चालला. लष्करी उपग्रह स्वतःच्या देशातून जावा याची किंमत अशी काही किलो इंधनात मोजली गेली, आणि ती मोजणं योग्यच होतं असं माझं मत आहे. यावरून एवढं मात्र लक्षात ठेवा की "अमुक रॉकेट इतके किलो नेतं" हे वाक्य कक्षा सांगितल्याशिवाय अर्धवट असतं.

नेमकेपणाही यातच येतो. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला एरियान ५ वरून गेली. रॉकेटने तिला इतक्या काटेकोरपणे सोडलं की वाट दुरुस्त करायला राखलेलं इंधन मोठ्या प्रमाणात वाचलं. दहा वर्षं धरलेलं आयुष्य वीस वर्षांच्या पुढे गेलं. तेच एरियान ५ जानेवारी २०१८ मध्ये चुकीच्या दिशेने निघालं होतं. नेहमीच्या मोहिमेत रॉकेटची दिशा ९० अंश असते, या खास मोहिमेला ७० हवी होती, आणि रॉकेटला आपली दिशा ओळखून देणाऱ्या जडत्वमापकाला ती बदललेली दिशा नीट सांगितलीच गेली नाही. रॉकेटमध्ये काहीही बिघडलं नव्हतं. दोन उपग्रह सुमारे २० अंश तिरक्या कक्षेत जाऊन पडले. ठरले होते तीन अंश. दोघेही पुढे आपल्या जागी पोहोचले, पण जास्तीचं इंधन आणि जास्तीचे महिने घालवून. यशाच्या टक्केवारीत हे उड्डाण कुठे घालायचं ते तुम्हीच सांगा.

टक्केवारीचं निघालंच आहे तर तेही बोलू. "९८ टक्के यश" हा आकडा निविदेच्या कागदावर शोभून दिसतो. तज्ज्ञांच्या बैठकीत त्याला फार कोणी हात लावत नाही. तिथे विचारतात ते असं: हेच इंजिन, उपग्रहाला झाकणारं हेच कवच, हाच वरचा टप्पा, हेच सॉफ्टवेअर एकत्र किती वेळा उडलं? आणि बिघडलं तेव्हा कारण किती दिवसांत सापडलं, ते ग्राहकाला उघडपणे सांगितलं का?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फाल्कन ९ तीनशेहून जास्त सलग यशस्वी उड्डाणांनंतर ११ जुलै २०२४ ला फसलं: वरच्या टप्प्यात दाबमापकाच्या नळीला तडा, द्रव ऑक्सिजनची गळती, स्टारलिंकचे वीस इंटरनेट उपग्रह गेले. २७ जुलैला ते परत उडत होतं. एवढी वारंवार उड्डाणं असली की मोजमापांचा ढीग असतो, आणि त्या ढिगातून कारण लवकर हाती लागतं. उलट आपलं पीएसएलव्ही. तीस वर्षं ज्याच्यावर डोळे मिटून उपग्रह ठेवावा असं रॉकेट, १८ मे २०२५ ला ईओएस-०९ हा पृथ्वीनिरीक्षण उपग्रह घेऊन तिसऱ्या टप्प्यात दाब पडून गेलं. चौकशीचा अहवाल लोकांसमोर आला नाही. पुढच्याच उड्डाणात, जानेवारी २०२६ मध्ये, पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात घोटाळा झाला. मी इस्रोचा चाहता आहे आणि म्हणूनच लिहितो: दोन अपयशांहून जास्त नुकसान त्या न दिसलेल्या अहवालाने केलं असावं. परदेशी ग्राहकाचा विमेकरी पहिला कागद तोच मागतो.

अमेरिकन लष्कर या बाबतीत किती काटेकोर आहे ते बघण्यासारखं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांच्या तिसऱ्या पिढीचा पहिला जीपीएस उपग्रह फाल्कन ९ वरून गेला, तेव्हा रॉकेटला परत उतरण्याचे पाय लावूच दिले नाहीत. परतीसाठी लागणारं इंधनसुद्धा उपग्रहाच्या कामी राखीव हवं होतं. दीडेक वर्षाने, जून २०२० मध्ये, टप्पा परत आणायची परवानगी मिळाली. वापरलेल्या टप्प्यावर जीपीएस ठेवायला जून २०२१ उजाडलं. तोवर खासगी ग्राहक चार वर्षं वापरलेल्या टप्प्यांवर उडत होते. व्हल्कनला तर दोन प्रमाणन उड्डाणं करायला लावली. दुसऱ्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, एका घन बूस्टरचं नोझल वाटेत गळून पडलं. रॉकेटने तोल सावरला आणि ठरलेली कक्षा गाठली. वर ठेवला होता निव्वळ वजनाचा ठोकळा, कारण नियोजित यान तयार नव्हतं. तरी प्रमाणपत्र लगेच मिळालं नाही. नोझलचं कारण शोधून, दुरुस्ती पटवून द्यावी लागली आणि मार्च २०२५ मध्ये एकदाची सही झाली. दरम्यान व्हल्कनच्या नावावरचा एक जीपीएस उपग्रह उचलून फाल्कन ९ वर घातला आणि डिसेंबर २०२४ मध्ये उडवलासुद्धा. आधी व्हल्कनच्या वाट्याचा दुसराही मे २०२५ मध्ये असाच गेला.

ही अदलाबदल बाहेरून सोपी दिसते. ती सोपी असते जर उपग्रह पहिल्या दिवसापासून दोन्ही रॉकेटांसाठी बांधला असेल तर. इथे माझं रोजचं काम येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक रॉकेटचा हादरा वेगळा. एलव्हीएम३ दोन एस-२०० घन बूस्टरांवर उठतं, प्रत्येकात दोनशे टनांच्या वर घन इंधन. (याच बूस्टरांची पोलादी आवरणं पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरलाही बनतात, आणि रॉकेटची 'विकास' नावाची इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्येही.) घन इंधन जळतं त्याची थरथर वेगळी, फाल्कनच्या केरोसीन इंजिनांची वेगळी. खालचा टप्पा विझताना धक्का बसतो, कवच सुटताना बसतो, आणि सगळ्यात शेवटी उपग्रहाला रॉकेटशी धरून ठेवणारा क्लॅम्प बँड सुटतो तेव्हाचा धक्का उपग्रहाच्या अंगालाच बसतो. उपग्रहाचं गणिती प्रारूप आपण रॉकेटवाल्याला देतो, तो ते आपल्या रॉकेटच्या प्रारूपाला जोडून कुठे किती भार येतो ते काढतो. एका फेरीला दोन-तीन महिने लागतात, आणि अशा किमान दोन फेऱ्या.

मग उपग्रह कंपनयंत्रावर चढतो. ते दृश्य पाहिलं नसेल तर सांगतो. स्वच्छ खोली, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे, सोनेरी चादरीत गुंडाळलेला दुमजली उपग्रह आणि त्याच्या अंगावर चिकटवलेले शेकडो मापक. यंत्र सेकंदाला पाच कंपनांपासून सुरू होऊन शंभराकडे चढत जातं. आवाज आधी छातीत जाणवतो, मग कानात. एखाद्या ठरावीक कंपनसंख्येला अँटेनाची तबकडी एकदम थरथरू लागते आणि खोलीतले सगळे पडद्याकडे बघत गप्प होतात. रेघ लाल खुणेच्या खाली राहिली तर कोणीतरी चहाचं नाव काढतं.

आता रॉकेट बदललं तर ती लाल खूणच सरकते. माझ्या एका मोहिमेत उपग्रह अर्धा बांधून झाल्यावर रॉकेट बदललं. नव्या रॉकेटवाल्यांनी जोडणीचं कडं आमच्याकडे जुळवून बघायला पाठवलं. बोल्टांचं वर्तुळ जुळलं, विद्युत जोडण्या जुळल्या, पण "उपग्रह सुटला" हे सांगणाऱ्या स्विचची बैठक काही अंशांनी फिरलेली निघाली. आम्ही जुन्या आवृत्तीचा आराखडा धरून बसलो होतो, त्यांनी नवी काढली होती, आणि मधल्या पत्रव्यवहारात ती कोणाच्या तरी टपालपेटीत झोपून राहिली होती. कडं परत गेलं, नवं आलं, सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत उपग्रह कोठारात ठेवायचा खर्च, माणसांचे पगार, बॅटऱ्यांची निगा. किलोमागे दराच्या तक्त्यात यातलं काय दिसलं असतं?

वेळेचा हिशेब सरकारी कामात हमखास चुकतो. आपल्या इन्सॅट-१सी चं उदाहरण जुनं असलं तरी मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. तो अमेरिकन स्पेस शटलमधून, भारतीय अंतराळवीरासोबत, १९८६ मध्ये जायचा होता. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर फुटलं, शटल बंद पडलं, आणि इन्सॅट-१सी ला एरियानवर जागा मिळून उडायला जुलै १९८८ उजाडलं. एका रॉकेटवर सगळा भार ठेवला की असं होतं. पुढे २०२२ मध्ये इंटरनेट उपग्रहांच्या वनवेब कंपनीवर हीच वेळ आली. रशियाने आपलं सोयुझ रॉकेट नाकारलं, तर त्यांनी फाल्कन आणि आपलं एलव्हीएम३ दोन्ही गाठली. आपण त्यांचे ३६-३६ असे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये नेले. एलव्हीएम३ ची ती पहिली व्यावसायिक कमाई.

एरियान ५ च्या वेळी आणखी एक गोष्ट असायची: सहप्रवासी. ते रॉकेट बहुधा दोन उपग्रह एकावर एक ठेवून न्यायचं. तिकीट वाटून यायचं, पण जोडीदाराचा उपग्रह लांबला की आपणही थांबायचं. जीसॅट-११ चा किस्सा याच्या उलटा आहे. ५,८५४ किलोचा, इस्रोने बांधलेला सगळ्यात जड उपग्रह, २०१८ च्या वसंतात कुरूला पोहोचला होता. मार्चअखेरीस इस्रोच्याच जीसॅट-६ए या उपग्रहाचा संपर्क तुटला. तोच दोष इथेही असला तर, या शंकेने इस्रोने उपग्रह अटलांटिक ओलांडून परत बंगळुरूला आणला, उघडून तपासला आणि पुन्हा पाठवला. तो ५ डिसेंबर २०१८ ला गेला, सोबतीला कोरियाचा सरकारी हवामान उपग्रह. अशी माघार घेऊ देणारा करार असणं, जोडीदार बदलून देणारा रॉकेटवाला असणं, याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची? मी "उशिराची मुभा" असा वेगळाच रकाना करतो. तो भरताना दोन्ही बाजू बघायच्या: आपल्याकडून उशीर झाला तर दंड काय आणि त्यांच्याकडून झाला तर भरपाई काय. हे दोन आकडे सहसा सारखे नसतात.

पैशाकडे येतो. २०२५ मध्ये फाल्कन ९ चा छापील दर सुमारे ७ कोटी डॉलर होता. आता अमेरिकन स्पेस फोर्सने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलेले आकडे घ्या: स्पेसएक्सला २८ मोहिमांसाठी अपेक्षित ५.९ अब्ज डॉलर, व्हल्कन बनवणाऱ्या युनायटेड लाँच अलायन्सला १९ मोहिमांसाठी ५.४ अब्ज, ब्लू ओरिजिनला ७ साठी २.४ अब्ज. भागाकार करा. स्पेसएक्सची सरासरी मोहीम २१ कोटी डॉलरच्या पुढे जाते, म्हणजे छापील दराच्या तिप्पट. लूट आहे का? थोडी असेलही, सरकारी गिऱ्हाईक बघून भाव चढतो हे काही नवीन नाही. पण यातल्या काही मोहिमा जास्त ताकदीच्या फाल्कन हेवी रॉकेटच्या आहेत. काहींत उपग्रह फाट्यावर न सोडता थेट भूस्थिर कक्षेत, दारापर्यंत, नेऊन सोडायचा आहे. त्यासाठी वरच्या टप्प्याने तासन् तास अंतराळात तरंगून इंजिन पुन्हा पेटवायचं असतं, आणि ते सगळ्यांना जमत नाही. हेर उपग्रहांना लांब कवच लागतं. काही उपग्रह आडवे करताच येत नाहीत, रॉकेट उभं असतानाच वरून बसवावे लागतात; त्यासाठी तळावर नवी इमारत लागते. शिवाय सरकारचे स्वतःचे अभियंते प्रत्येक महत्त्वाच्या सुट्या भागाचे कागद तपासतात, त्याचाही खर्च. हा दर छापायचा झाला तर असं लिहावं लागेल: ७ कोटींत रॉकेट मिळतं, उरलेल्यात खात्री.

आणि तिघांना काम वाटण्याचं कारण? मधली काही वर्षं अमेरिकेने जड लष्करी उपग्रहांसाठी एकट्या डेल्टा ४ हेवीवर भिस्त ठेवली, आणि किंमत कुठे जाते ते बघितलं. ते रॉकेट एप्रिल २०२४ मध्ये निवृत्त झालं. आता धोरणच आहे की कुठल्याही एका रॉकेटला टाळं लागलं तरी दुसरं उभं हवं. दुसऱ्याचा दर जास्त असला तरी तो द्यायचा. हे ऐकून हिशेबनीस डोक्याला हात लावतात.

विम्याबद्दल थोडक्यात. खासगी मालक प्रक्षेपणाचा विमा उतरवतो, आणि रॉकेट नवं असेल तर हप्ता इतका चढतो की स्वस्त तिकिटाचा फायदा तिथेच संपतो. सरकारं बऱ्याचदा विमा घेतच नाहीत, तोटा झाला तर तिजोरी सोसते. म्हणून सरकारी तक्त्यात जोखमीचा रकाना रिकामा दिसतो आणि रॉकेट होतं त्याहून स्वस्त भासतं. मी अशा वेळी काल्पनिक हप्ता लावून बेरीज करायला सांगतो.

राहिला प्रश्न कोणाच्या रॉकेटवर काय ठेवायचं हा. युरोपने २०२४ मध्ये ते उघड दाखवलं. एरियान ६ लांबलं, सोयुझ गेलं, तेव्हा गॅलिलिओचे चार दिशादर्शक उपग्रह त्यांनी एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये फाल्कन ९ वरून पाठवले. त्यासाठी अमेरिकेशी सुरक्षेचा वेगळा करार करावा लागला, कारण उपग्रहात गुप्त उपकरणं होती आणि ती परक्या तळावर जाणार होती. एप्रिलच्या उड्डाणातला खालचा टप्पा विसाव्यांदा उडत होता. कक्षा उंच होती, म्हणून त्याला परत न आणता समुद्रात सोडून दिलं. हवामानाचा एमटीजी-एस१ सुद्धा एरियान ६ वरून काढून १ जुलै २०२५ ला फाल्कन ९ ने गेला, आणि फ्रान्समध्ये बराच त्रागा झाला. पण फ्रेंच लष्कराचा सीएसओ-३ हा हेर उपग्रह कोणी अमेरिकेला नेला नाही. तो एरियान ६ ची वाट बघत राहिला आणि मार्च २०२५ मध्ये त्याच्याच दुसऱ्या उड्डाणात, दुसऱ्या उड्डाणाची सगळी जोखीम पत्करून, गेला. हवामान परक्याच्या गाडीने गेलेलं चालतं, हेराला मात्र घरचीच गाडी लागते. भारताचं गणितही तसंच बसलंय: जीसॅट-एन२ बाहेरून, सीएमएस-०३ घरून. आणि नासाने आपली मोठी गुंतवणूक असलेला निसार हा पृथ्वीनिरीक्षण उपग्रह ३० जुलै २०२५ ला इस्रोच्या जीएसएलव्हीवर ठेवला, ज्याच्या क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाच्या, टप्प्याने ऑगस्ट २०२१ मध्ये दगा दिला होता. करारात प्रक्षेपण भारताच्या वाट्याला होतं, म्हणून. तिथे तुलना झालीच नाही. भागीदारीची वाटणी झाली.

तेव्हा तुमचा तक्ता दुरुस्त करायचा असेल तर असा करा. डाव्या बाजूला रॉकेटांची नावं राहू द्या. पहिला रकाना: याच उपग्रहाला याच रॉकेटने सोडल्यावर, आपल्या जागी पोहोचेपर्यंत टाकीत किती किलो इंधन उरेल. दुसरा: त्या इंधनाची किती वर्षं. तिसरा: ठरलेल्या महिन्यात उडण्याची हमी आणि चुकल्यास कोण किती देणार. चौथा: उपग्रहात काय बदलावं लागेल, कडं, कंपनचाचणी, प्रवास, सगळं धरून. पाचवा: याच जोडणीची किती उड्डाणं झाली आणि शेवटच्या बिघाडाचा अहवाल वाचायला मिळाला का. सहावा: हे रॉकेट उद्या बंद पडलं तर उपग्रह दुसऱ्यावर किती महिन्यांत बसेल. तिकीट सातव्या रकान्यात, आणि त्याला दुसऱ्या रकान्यातल्या वर्षांनी भागायचं.

२०२४ च्या जीसॅट-एन२ साठी हा तक्ता भरला तरी फाल्कन ९ च पहिला येतो, कारण खाली दुसरी ओळच नाही. साडेचार-पाच टनांचा पुढचा उपग्रह पाठवायचा झाला तर मात्र निदान तीन ओळी येतील: फाल्कन ९, एरियान ६, आणि सेमीक्रायोजेनिक (केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारा) टप्पा बसवल्यावरचं एलव्हीएम३, ज्याने पाच टनांच्या पुढे जावं असा इस्रोचा हिशेब आहे. तो टप्पा उडेपर्यंत तिसऱ्या ओळीचा पाचवा रकाना रिकामाच ठेवावा लागेल.